पोकळीचा हिशेब

काँक्रीटची मजबुती कशावर अवलंबून असते, असा प्रश्न बांधकामाशी थोडाबहुत संबंध आलेल्या कोणाही गृहस्थाला विचारला, तर तो सिमेंटच्या पोत्यांची संख्या सांगेल, खडीची जात सांगेल, वाळू नदीची होती की दगड दळून केलेली होती ते सांगेल, सळयांचा तपशील देईल. म्हणजे जे जे त्या मिश्रणात घातले गेले त्या सर्वांची यादी देईल. जे घातले जाऊन पुढे निघून गेले आणि जाताना आपली जागा रिकामी ठेवून गेले, त्याचा उल्लेख त्या यादीत सहसा येत नाही. परंतु गेल्या सव्वाशे वर्षांत ज्यांनी ज्यांनी या विषयात खोल शिरून पाहिले, त्या सर्वांची पावले अखेर या रिकाम्या जागेकडेच वळली. ती किती आहे, केवढ्या केवढ्या तुकड्यांत विभागली आहे, कोणत्या ठिकाणी साचली आहे आणि एका पोकळीतून दुसरीत जाण्यास वाट आहे की नाही, या प्रश्नांच्या उत्तरांत काँक्रीटच्या बलाचा आणि आयुष्याचा बहुतेक सारा इतिहास सामावलेला आहे.

सिमेंट वाळून घट्ट होते, हा समज फार रूढ आहे आणि तो मुळातच चुकीचा आहे. चिखल वाळतो तेव्हा त्यातील पाणी उडून जाते आणि मातीचे कण एकमेकांजवळ सरकतात. सिमेंटच्या बाबतीत पाण्याचा मोठा भाग सिमेंटशी रासायनिक संयोग पावतो, त्या संयोगातून कॅल्शियम सिलिकेटच्या कणांचे रूपांतर होऊन एक नवा, अतिसूक्ष्म घडणीचा, श्लेषासारखा पदार्थ निर्माण होतो आणि त्याच्या जोडीला कॅल्शियम हायड्रॉक्साइडचे स्फटिक तयार होतात. या नव्या पदार्थाला शास्त्रज्ञ 'जेल' म्हणतात. हवेचा संपर्क नसताना, पाण्याखाली बुडवून ठेवले असतानाही सिमेंट घट्ट होते, त्याचे कारण हेच.

आता एका पोत्याचा हिशेब मांडून पाहू. पोत्यात ५० किलो सिमेंट असते. ते ओतले तर सुमारे ३५ लिटर जागा व्यापते, परंतु कणाकणांमधील हवा वजा केली म्हणजे निव्वळ सिमेंटचे घनफळ जेमतेम १६ लिटर भरते. त्यात निम्म्या वजनाचे, म्हणजे २५ लिटर, पाणी घातले की ४१ लिटरांचा लगदा होतो आणि त्यात साठ टक्क्यांहून अधिक भाग पाण्याचाच असतो. जलसंयोगातून निघणारा पदार्थ मूळ सिमेंटच्या दुपटीहून किंचित अधिक जागा व्यापतो. म्हणजे सिमेंटचा कण न् कण रूपांतर पावला असे धरले तरी ३३-३४ लिटर जागा भरते, आणि सात-साडेसात लिटर जागा भरावयास काहीच शिल्लक राहत नाही. तेच पाणी २५ ऐवजी ३५ लिटर घातले असेल तर लगदा ५१ लिटरांचा होतो, भरणारा पदार्थ मात्र तेवढाच राहतो, आणि रिकामी जागा १७ लिटरांवर, म्हणजे एकूण घनफळाच्या एक तृतीयांशावर जाते. लगदा एकदा धरला की त्याचे बाह्य घनफळ जवळजवळ कायम होते. त्यानंतर आतील पाणी वापरले जावो अथवा उडून जावो, त्याची जागा मिटत नाही.

मग इतके पाणी घालावेच का, हा प्रश्न साहजिक आहे. सिमेंटच्या वजनाच्या सुमारे २३ टक्के पाणी रासायनिक संयोगात खर्ची पडते आणि सुमारे १९ टक्के जेलच्या अंतर्गत अडकून पडते; म्हणजे वस्तुतः ४२ टक्क्यांवर भागावे. तथापि एवढ्याच पाण्याचे मिश्रण ताठर असते. ते घमेल्यातून सहज ओतले जात नाही, तुळईच्या दाट सळयांमधून खाली उतरत नाही, साच्याच्या कोपऱ्यांत पोहोचत नाही. काम करणाऱ्या माणसाला मिश्रण पातळ हवे असते, आणि तसे वाटण्यात त्याची काही चूक नाही, कारण ते पसरवण्याचे श्रम त्याच्याच हातांना पडतात. दुपारचे ऊन चढते, मिश्रण घट्ट होऊ लागते, आणि कोणीतरी पाच लिटर पाणी आणखी ओततो. त्या पाच लिटरांचा जमाखर्च त्या वेळी कोणाच्या ध्यानात येत नाही, आणि महिन्याने चाचणीचा ठोकळा यंत्राखाली चिरडला जातो तेव्हा त्याचा दोष बहुधा सिमेंटच्या माथी मारला जातो.

हा जमाखर्च पहिल्याने नीट लिहिला तो रेने फेरे या फ्रेंच अभियंत्याने. फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर बुलोन-स्यूर-मेर येथे सरकारी पूल व रस्ते खात्याची जी प्रयोगशाळा होती तिचे ते प्रमुख होते. १८९२ साली त्यांनी मॉर्टरच्या घट्टपणाविषयी एक विस्तृत निबंध प्रसिद्ध केला, आणि त्या दशकातील आपल्या संशोधनातून असा नियम बसवला की, सिमेंटचे घनफळ भागिले सिमेंट, पाणी आणि हवा या तिघांचे एकत्रित घनफळ, या गुणोत्तराच्या वर्गाच्या प्रमाणात मजबुती असते. पाणी आणि हवा यांना त्यांनी एकाच पंक्तीला बसवले, ही या नियमातील मर्माची गोष्ट आहे. कणांमधील जागा पाण्याने अडवली काय आणि हवेने अडवली काय, घन पदार्थाच्या दृष्टीने ती सारखीच रिकामी.

त्यानंतर सुमारे पाव शतकाने, १९१८ साली, शिकागो येथील लुइस इन्स्टिट्यूटमधून डफ एब्रम्स यांनी हजारो नमुने फोडून काढलेला आपला नियम जाहीर केला. त्यात पाणी आणि सिमेंट यांच्या गुणोत्तराखेरीज दुसरे काहीच नव्हते. हे गुणोत्तर जितके अधिक तितकी मजबुती कमी, आणि तीही झपाट्याने कमी, एवढाच त्याचा मथितार्थ. नियम सुटसुटीत होता. एक बादली आणि एक तराजू हाताशी असला की पाळता येण्याजोगा होता. म्हणून जगभरच्या अभियंत्यांनी तो उचलला आणि आजही आपली मिश्रणे त्याच आधारावर ठरतात. या यशाबद्दल एब्रम्स यांना द्यावे तेवढे श्रेय थोडेच आहे. परंतु फेरे यांच्या सूत्रातील हवेचे पद या सोयीपायी गळून पडले आणि त्याबरोबर मूळ कल्पनाही झाकोळली, असे मला वाटते. विद्यार्थी पाणी-सिमेंट गुणोत्तर पाठ करतात. पाणी हे येथे रिकाम्या जागेचे माप म्हणून आले आहे, हे त्यांना क्वचितच सांगितले जाते. ठासून न भरलेल्या काँक्रीटला एब्रम्स यांचा नियम लागू पडत नाही, याचे कारणही फेरे यांच्याच सूत्रात सापडते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिमेंट घट्ट होण्याच्या कारणाविषयी दोन पंथ झाले होते. आंरी ल शातलिए यांच्या मते एकमेकांत गुंतणारे स्फटिक हे मजबुतीचे मूळ होते. जर्मनीचे विल्हेल्म मिखाएलिस श्लेषासारख्या जेलचा पक्ष घेत होते. हा वाद दीर्घकाळ चालला, आणि तो चालू असतानाच ट्रेव्हल पॉवर्स आणि टी. एल. ब्राउनयार्ड या दोघांनी अमेरिकेच्या पोर्टलंड सिमेंट असोसिएशनच्या प्रयोगशाळेत एक निराळाच मार्ग धरला. १९४६-४७ मध्ये लेखमालेच्या रूपाने प्रसिद्ध झालेले त्यांचे काम वाचताना त्यांच्या चिकाटीने मन थक्क होते. घट्ट झालेल्या सिमेंटचे बारीक तुकडे त्यांनी वेगवेगळ्या आर्द्रतेच्या हवेत ठेवले, प्रत्येक पायरीवर ते किती बाष्प शोषतात किंवा सोडतात ते तोलून पाहिले, आणि केवळ वजनाच्या या सूक्ष्म फरकांवरून आत किती पाणी बांधले गेले आहे, किती सुटे आहे आणि पृष्ठभाग किती आहे याचा हिशेब काढला. एक ग्रॅम जेलच्या अंतर्भागातील पृष्ठ सुमारे २०० चौरस मीटर भरते, हा त्यांच्या मोजमापाचा निष्कर्ष होता.

त्यातून पोकळीच्या दोन जाती स्पष्ट झाल्या. पहिली जात जेलच्या स्वतःच्या घडणीतली. जेलच्या घनफळाचा सुमारे २८ टक्के भाग अशा छिद्रांचा असतो, आणि त्यांची रुंदी दीड ते दोन नॅनोमीटर असते. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातील एक भाग म्हणजे नॅनोमीटर. एवढ्या फटीत पाण्याचे पाचसहा रेणू कसेबसे ओळीने बसतात, नवीन पदार्थ तेथे जन्म घेऊ शकत नाही, आणि म्हणून ही छिद्रे कितीही काळ लोटला तरी भरत नाहीत. त्यांच्यापासून मजबुतीला म्हणण्यासारखा अपाय नसतो. दुसरी जात केशिकांची. मूळ पाण्याने व्यापलेल्या जागेपैकी जेलने जी भरली नाही ती म्हणजे केशिका; त्यांची रुंदी सुमारे दहा नॅनोमीटरपासून मिलिमीटरच्या काही सहस्रांशांपर्यंत असते. वर पोत्याच्या हिशेबात जी सात लिटर आणि सतरा लिटर जागा उरली ती या केशिकांची.

पॉवर्स यांनी मग असे विचारले की, जेलला उपलब्ध असलेल्या जागेपैकी त्याने किती जागा प्रत्यक्ष भरली? या गुणोत्तराच्या घनाच्या प्रमाणात मजबुती असते, असे त्यांना आढळले. सगळी जागा जेलने भरून काढली तर त्यांच्या नमुन्यांच्या हिशेबाने मजबुती दर चौरस मिलिमीटरला सुमारे २३४ न्यूटन यावी. आपल्या घरांच्या स्लॅबला २० किंवा २५ न्यूटनांची अपेक्षा धरलेली असते, हे येथे स्मरणात ठेवावे. जागेचा दोन तृतीयांश भाग भरला तर मजबुती दोन तृतीयांश राहत नाही, आठ सत्तावीसांश राहते. निम्मा भरला तर अष्टमांश. आपल्या एका पोत्याच्या हिशेबाला हा नियम लावला, आणि सिमेंट पूर्ण रूपांतर पावले असे मानले, तर २५ ऐवजी ३५ लिटर पाणी घालताच मजबुती जवळजवळ निम्म्यावर येते, आणि दुपारच्या उन्हात ओतलेले ते पाच लिटर पाणी एकटेच तिचा सुमारे तीन दशांश भाग घेऊन जाते.

परंतु 'सिमेंट पूर्ण रूपांतर पावले तर' ही अट मोठी आहे. जलसंयोग मंद चालतो. पहिल्या दिवशी वेगाने, पहिल्या आठवड्यात बऱ्यापैकी, आणि नंतर महिनोन्महिने धिम्या गतीने. आणि तो चालू राहण्यास केशिकांत पाणी असावे लागते. आतील आर्द्रता ८० टक्क्यांच्या खाली उतरली की तो जवळजवळ थांबतो, हेही पॉवर्स यांनीच दाखवले. आपल्याकडे ज्याला पाणी मारणे म्हणतात, स्लॅबवर आळी बांधून जे पाणी साठवले जाते, खांबांना जे गोणपाट गुंडाळून भिजवले जाते, त्या साऱ्या खटाटोपाचे प्रयोजन एवढेच असते की केशिकांतील पाणी उडून जाऊ नये आणि जेलने आपल्या भोवतालची जागा भरीत जावे. काँक्रीट थंड ठेवण्यासाठी पाणी मारतात, अशी समजूत अनेक ठिकाणी आढळते. तिचा परिणाम असा होतो की पाऊस पडून गेला किंवा थंडी पडली की पाणी मारणे बंद पडते.

यापुढची गोष्ट मला या विषयातील सर्वांत महत्त्वाची वाटते. आरंभी केशिका एकमेकींना जोडलेल्या असतात. एका टोकाला शिरलेला पाण्याचा थेंब दुसऱ्या टोकाला निघू शकतो. जेल वाढत जाते तसतशा त्या वाटा अरुंद होतात आणि एका विशिष्ट टप्प्यावर तुटतात; केशिका राहतात, पण प्रत्येक केशिका जेलच्या भिंतींनी वेढलेली, एकाकी होते. हा टप्पा किती दिवसांत येतो, ते पॉवर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ साली सामान्य सिमेंटकरिता मांडले. पाणी सिमेंटच्या वजनाच्या ०.४० पट असेल तर सतत ओले ठेवून तीन दिवस पुरतात, ०.४५ पट असेल तर सात दिवस, ०.५० पट असेल तर चौदा दिवस लागतात. ०.६० पट झाले की हीच मुदत सहा महिन्यांवर आणि ०.७० पटीला एक वर्षावर जाते. त्याहून अधिक पाणी असल्यास वाटा कधीच तुटत नाहीत, कारण त्या बंद करण्यास पुरेल एवढा पदार्थच निर्माण होत नाही. सहा महिने स्लॅबवर पाणी कोण धरून ठेवणार? म्हणजे पाणी जास्त घालणाऱ्याने आपली चूक नंतरच्या निगराणीने भरून काढण्याचा मार्गही प्रत्यक्षात स्वतःच्या हाताने बंद केलेला असतो. उलट ०.४५ च्या गुणोत्तराचे काँक्रीट करूनही दुसऱ्याच दिवशी पाणी मारणे सोडून दिले, तर पृष्ठभागाजवळचा थर, जो पुढे ऊन, पाऊस आणि खारा वारा यांना तोंड देणार असतो, तोच सर्वांत अधिक सच्छिद्र राहतो. आतला गाभा चांगला असतो आणि त्याचे संरक्षण करणारी कातडी दुर्बल असते.

हवेच्या पोकळ्यांविषयी फार लिहिण्याचे कारण नाही, कारण त्यांचा न्याय सरळ आहे. मिश्रण नीट ठासले गेले नाही तर मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या, आणि खडी उघडी पडेल इतपत निष्काळजीपणा असल्यास त्याहूनही मोठ्या पोकळ्या राहतात. दर एक टक्का पोकळीमागे मजबुती पाच ते सहा टक्क्यांनी घटते. पाच टक्के पोकळी राहिली तर सुमारे तीस टक्के बल गेले असे समजावे. व्हायब्रेटर नावाचे यंत्र ज्या कामासाठी वापरायचे असते ते काम म्हणजे ही हवा बाहेर काढणे. अपवाद एकच, आणि तो थंड देशांचा. १९३० नंतरच्या दशकात न्यूयॉर्क राज्याच्या रस्त्यांवर असे दिसले की, जे सिमेंट दळताना थोडी चरबी मिसळली गेली होती त्याचे रस्ते हिमाने फुटत नाहीत. चरबीमुळे काँक्रीटमध्ये असंख्य बारीक बुडबुडे अडकले होते आणि गोठताना फुगणाऱ्या पाण्याला ते सामावून घेत होते. तेव्हापासून बर्फाच्या प्रदेशांत असे बुडबुडे मुद्दाम घातले जातात. थोडी मजबुती देऊन टिकाऊपणा विकत घेतला जातो. बुडबुडे एकमेकांपासून सुमारे ०.२ मिलिमीटरच्या आत असावे लागतात, एवढी त्याची बारकाई आहे.

पोकळी कोठे आहे, या प्रश्नाचे उत्तर खडीच्या कडेला सापडते. मिश्रण ओले असताना सिमेंटचे कण खडीच्या सपाट पृष्ठाला हवे तसे दाटून बसू शकत नाहीत, आणि वर चढणारे पाणी खडीच्या व सळईच्या खालच्या अंगाला साचते. परिणामी प्रत्येक खड्याभोवती २० ते ५० सहस्रांश मिलिमीटर जाडीचे एक पाणथळ आवरण तयार होते आणि घट्ट झाल्यावर तेच सर्वांत सच्छिद्र राहते. ठोकळा फोडला म्हणजे बऱ्याचदा खडी न फुटता तिच्या कडेने भेग गेलेली दिसते, ती या आवरणातून गेलेली असते. खडी स्वतः काळ्या बेसाल्टची, कितीही बळकट असली तरी भेगेने मार्ग कमकुवत जागेतूनच शोधलेला असतो.

आता आकाराच्या प्रश्नाकडे वळू. पॉवर्स यांच्या नियमात केशिकांचे एकूण घनफळ तेवढे येते. दहा लहान छिद्रे आणि तेवढ्याच घनफळाचे एक मोठे छिद्र यांत तो भेद करीत नाही. ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज संशोधकाने १९२१ साली प्रसिद्ध केलेल्या काचेवरील निबंधात दाखवले होते की, ठिसूळ पदार्थ तुटतो तो त्याच्यातील सर्वांत लांब भेगेपासून, आणि ती भेग चौपट लांब असेल तर ताण सहन करण्याची शक्ती निम्मी होते. काच आणि सिमेंट दोन्ही ठिसूळ. मग सिमेंटलाही हाच न्याय का लागू नये? हा प्रश्न इंग्लंडमधील रंकॉर्न येथे इम्पीरियल केमिकल इंडस्ट्रीज या कंपनीत काम करणाऱ्या डेरेक बर्चॉल, हॉवर्ड आणि केंडल या तिघांनी हाती घेतला आणि १९८१ साली त्यांचा लेख 'नेचर' या नियतकालिकात आला. साध्या सिमेंटच्या लगद्यात मिलिमीटरभर लांबीचे दोष राहून जातात आणि वाकवण्याच्या कसोटीत तो दर चौरस मिलिमीटरला पाच ते दहा न्यूटनांतच मोडतो. त्यांनी पाणी अत्यल्प ठेवले, पाण्यात विरघळणारे बहुवारिक थोडे मिसळले, आणि ते मिश्रण रुळांमध्ये जोराने मळून त्यातील मोठ्या पोकळ्या नाहीशा केल्या. या पदार्थाची तीच शक्ती सुमारे ७० न्यूटनांवर आणि पुढील काही वर्षांत १५० च्या घरात गेली. या सिमेंटची त्यांनी एक गुंडाळी असलेली स्प्रिंग केली. ती ताणली की लांबत असे आणि सोडली की पूर्ववत होत असे.

सिमेंटची स्प्रिंग! ठिसूळपणाचा दाखला म्हणून ज्या पदार्थाकडे बोट दाखवावे त्याने लवचीकपणाची परीक्षा द्यावी, हे दृश्य त्या काळच्या अनेक अभ्यासकांना हादरवून गेले. त्यावर वादही झाला. मजबुतीची ही वाढ केवळ मोठी छिद्रे गेल्यामुळे झाली की बहुवारिकाने कणांना बांधल्यामुळे, असा आक्षेप निघाला, आणि तो निराधार नव्हता, कारण हा पदार्थ ओलाव्यात राहिला की आपली शक्ती बरीच गमावतो आणि म्हणून इमारतींत त्याचा शिरकाव झाला नाही. शिवाय ग्रिफिथचा न्याय ताणाला जितका नेमका लागू पडतो तितका दाबाला पडत नाही; दाबाखाली असंख्य बारीक भेगा बाजूंना उघडत जाऊन शेवटी ठोकळा ढासळतो, आणि तेथे एकूण पोकळीचा अंमल चालतो. माझ्या समजुतीप्रमाणे दोन्ही पक्षांना आपापले राज्य आहे. मोठ्या पोकळीची शिक्षा ताण आणि वाकणे यांत मिळते, एकूण पोकळीची दाबात.

एकूण पोकळीच जवळजवळ नाहीशी केली तर काय होते, हेही पाहून झाले आहे. अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया स्टेट युनिव्हर्सिटीत डेला रॉय आणि गौडा यांनी १९७२-७३ च्या सुमारास सिमेंटचा लगदा २५० अंश सेल्सिअस तापमानात प्रचंड दाबाखाली दाबून काढला. त्यात पोकळी सुमारे दोन टक्के उरली आणि दाब सहन करण्याची शक्ती दर चौरस मिलिमीटरला सुमारे ६५० न्यूटनांपर्यंत पोहोचली. सिमेंट तेच, जे आपल्या घराच्या जोत्यात असते. त्याच्या अंगी ही शक्ती मुळात आहे आणि आपण ती पाण्याच्या रिकाम्या जागांत हरवून बसतो.

एवढी बारीक छिद्रे मोजायची कशी, याचीही एक कथा आहे. पारा काँक्रीटला ओलावत नाही, म्हणून तो आपण होऊन छिद्रात शिरत नाही; जोर लावावा लागतो, आणि छिद्र जितके अरुंद तितका जोर अधिक. वॉशबर्न यांनी १९२१ साली या जोराचे आणि छिद्राच्या रुंदीचे नाते सांगितले, आणि १९७० साली विन्स्लो व डायमंड यांनी त्याच्या आधारे सिमेंटच्या छिद्रांची मोजदाद मांडली. पुढे तीस वर्षे ही पद्धत सर्वत्र चालली, आणि २००० साली त्याच सिडनी डायमंड यांनी लिहिले की सिमेंटच्या छिद्रांचे आकार ठरवण्यास ही पद्धत अयोग्य आहे. त्यांची हरकत समजण्यास सोपी आहे. पारा बाहेरून आत जातो. वाटेत मोठी पोकळी असली तरी तिचा दरवाजा अरुंद असेल, तर त्या दरवाजातून शिरण्याइतका जोर लागेपर्यंत ती रिकामीच राहते, आणि मग तिचे सगळे घनफळ त्या अरुंद दरवाजाच्या नावे जमा होते. सुरईच्या तोंडाचे माप घेऊन तेच तिच्या पोटाचे माप म्हणून लिहावे, तसा हा प्रकार. स्वतः रुजवलेल्या पद्धतीविरुद्ध एवढ्या स्पष्टपणे साक्ष देणारा संशोधक विरळा. आणि तरीही ती पद्धत अगदी टाकाऊ ठरली नाही, कारण दरवाजांची मापे ही पाझराच्या दृष्टीने पोटाच्या मापांहून अधिक उपयोगी असतात. कॅलिफोर्निया विद्यापीठातील भारतीय वंशाचे प्राध्यापक पी. कुमार मेहता यांनी जी ढोबळ सीमारेषा सांगितली तीही ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पन्नास नॅनोमीटरहून रुंद छिद्रे मजबुतीला आणि अभेद्यतेला बाधक होतात. त्याहून अरुंद छिद्रे वाळताना होणाऱ्या आकुंचनाला आणि दीर्घकाळ भाराखाली होणाऱ्या सावकाश विकृतीला कारण होतात.

पाणी कमी करावे तर मिश्रण ताठर होते, या पेचातून सुटका १९६० नंतरच्या दशकात जपान आणि पश्चिम जर्मनी येथे निघालेल्या प्रवाहकांनी केली. सिमेंटचे कण पाण्यात एकमेकांना चिकटून गठ्ठे करतात आणि बरेचसे पाणी त्या गठ्ठ्यांच्या आत निरुपयोगी अडकते. ही द्रव्ये कणांना सुटे करतात आणि तेच पाणी मोकळे होऊन मिश्रणाला वाहते करते. दुसरा उपाय राखेचा. कोराडी, एकलहरे, भुसावळ येथील औष्णिक विद्युत्केंद्रांत दळलेला कोळसा जळून जी बारीक राख मागे राहते तिच्यातील सिलिका, सिमेंटच्या जलसंयोगातून निघालेल्या कॅल्शियम हायड्रॉक्साइडशी सावकाश संयोग पावून आणखी जेल निर्माण करते. हे जेल नव्या जागी न वाढता केशिकांतच वाढते. मोठ्या वाटांच्या लहान वाटा होतात आणि लहान वाटा तुटतात. मिश्र धातूंच्या भट्ट्यांतून निघणारी सिलिकाची धूळ तर सिमेंटच्या कणाहून सुमारे शंभरपट बारीक असते. ती खडीभोवतीच्या त्या पाणथळ आवरणात शिरून बसते, आणि एकदा ते आवरण घट्ट झाले की भेगेला खडीच फोडून जावे लागते.

राखेचा हा लाभ मिळण्यास वेळ लागतो, आणि तो वेळ काँक्रीटला ओले ठेवूनच द्यावा लागतो. राख मिसळलेले सिमेंट आणून पाणी मारण्याची जुनीच, किंबहुना तिच्याहूनही अपुरी मुदत पाळणे हे नुकसानीचे आहे, कारण मग राखेचे कण वाळूचेच काम करतात आणि केशिका उघड्याच राहतात. कोकणपट्टीवर याचा परिणाम अधिक भोगावा लागतो. तेथील वाऱ्यातील मीठ पाण्याबरोबर जोडलेल्या केशिकांतून आत उतरते, सळईपर्यंत पोहोचते, सळई गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा मागतो आणि आतून दाब देऊन वरचे आच्छादन उडवून लावतो. मुंबईतील जुन्या इमारतींच्या सज्ज्यांखाली उघड्या पडलेल्या तांबूस सळया ज्यांनी पाहिल्या असतील त्यांना हे निराळे सांगावयास नको. भारतीय मानक ४५६ ने, २००० सालच्या आवृत्तीत, लोखंडी सळयांच्या काँक्रीटसाठी समुद्रकाठच्या हवेत पाणी सिमेंटच्या ०.४५ पटीहून अधिक नसावे आणि भरती-ओहोटीच्या पट्ट्यात ते ०.४० पटीच्या वर नेऊ नये, असा दंडक घातला आहे. साधे सिमेंट असल्यास किमान सात दिवस, आणि राख मिसळलेली असल्यास किंवा हवा उष्ण व कोरडी असल्यास किमान दहा दिवस काँक्रीट ओले ठेवावे, असेही त्यात नमूद आहे.